मोफत टूलवर तयार केलेले सॉफ्टवेअर विकता येते का?

प्रश्न : मी सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानात हिशेबनीस आहे. हळद आणि बेदाण्याच्या सौद्यानंतर हमाली, तोलाई व उचल वजा करून शेतकऱ्याची पट्टी (हिशेबाची पावती) काढणारा एक प्रोग्रॅम मी व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिला असून, आता शेजारचे काही दुकानदार तो विकत मागत आहेत. त्यांच्यापैकी काहींकडे अजून विंडोज ७ आहे आणि पट्टी मराठीतच छापावी लागते. तो नव्याने लिहिण्यासाठी प्रोग्रॅम लिहिण्याचे महागडे टूल घेण्याची माझी ऐपत नाही. एका परिचितांनी त्याची क्रॅक केलेली प्रत देऊ केली आहे. मी काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : क्रॅक केलेली प्रत घेऊ नका. अशा प्रतीतून आलेला व्हायरस तुम्ही तयार केलेल्या फाइलबरोबर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या संगणकात जाऊ शकतो, आणि तिथे शेतकऱ्यांच्या पैशांचा हिशेब असतो. शिवाय तिची गरजही नाही, कारण परवान्यासह मिळणारी चांगली साधने आज विनामूल्य उपलब्ध आहेत.

मात्र ‘मोफत’ या शब्दावर विसंबण्यापूर्वी प्रत्येक टूलचा परवाना वाचला पाहिजे. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी या प्रोग्रॅम लिहिण्याच्या टूलचा परवाना एकट्याने काम करणाऱ्या व्यक्तीला स्वतःचे सॉफ्टवेअर विकण्याची स्पष्ट मुभा देतो; लहान संस्थेत ते एका वेळी पाच जणांना वापरता येते, तर २५० पेक्षा जास्त संगणक किंवा १० लाख डॉलरपेक्षा जास्त वार्षिक उत्पन्न असलेल्या संस्थेला हा लाभ मिळत नाही. पास्कल भाषेवर आधारित डेल्फी या टूलची कम्युनिटी आवृत्तीही विनामूल्य आहे, परंतु ५,००० डॉलरच्या वार्षिक उत्पन्नापर्यंतच. म्हणजे धंदा जरा वाढला की पूर्ण किमतीचा परवाना घ्यावा लागेल, हे आधीच लक्षात घ्यावे. जेटब्रेन्स कंपनीचे रायडर हे असेच टूल २०२४ पासून मोफत मिळते खरे, पण केवळ अव्यावसायिक कामासाठी, त्यामुळे ते तुमच्या उपयोगाचे नाही.

व्हिज्युअल बेसिक ६ ही १९९८ सालची आवृत्ती असून तिच्या संपादकाला मायक्रोसॉफ्टचा आधार एप्रिल २००८ मध्येच संपला. त्याहून मोठी अडचण म्हणजे तिची मूळ नियंत्रणे (पडद्यावरील चौकटी, बटणे) युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची सामाईक अक्षर-संकेतपद्धती, जाणत नाहीत, म्हणून मराठी नावे बहुधा जुन्या फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत साठवलेली असतात. नव्या प्रोग्रॅममध्ये ती नावे आणताना त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागेल आणि माझ्या मते या कामाला प्रत्यक्ष प्रोग्रॅमइतकाच वेळ राखून ठेवावा.

माझी शिफारस व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी, सी शार्प भाषा, विंडोज फॉर्म्स (पडद्यावरील खिडक्या व बटणे बनवण्याची सोय) आणि डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ (प्रोग्रॅम चालण्यासाठी संगणकात लागणारा पाया) यांची आहे. हे फ्रेमवर्क विंडोज ७ च्या सर्व्हिस पॅक १ वर चालते, तर विंडोज ११ मध्ये आणि विंडोज १० च्या २०१९ नंतरच्या आवृत्त्यांत ते आधीपासूनच असते. याउलट त्याच्या पुढच्या पिढीतले डॉटनेट ८ विंडोज ७ वर चालत नाही, म्हणून केवळ नवे आहे एवढ्यासाठी ते निवडू नये. तुमचा स्वतःचा संगणक मात्र विंडोज १० किंवा ११ चा हवा. तुम्हाला व्हिज्युअल बेसिकचे नवे रूप असलेली व्हीबी डॉटनेट ही भाषा जवळची वाटेल, पण त्या भाषेत नवी भर घालण्याचा विचार नसल्याचे मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये सांगितले आहे, त्यामुळे सी शार्प शिकण्याचे श्रम वाया जाणार नाहीत.

पास्कल भाषा येत असेल तर लाझारस हे मोफत टूल हा तितकाच प्रामाणिक पर्याय आहे. त्याच्या लायब्ररींच्या (तयार कोडच्या संग्रहांच्या) परवान्यात सवलत असल्याने तुमचा सोर्स कोड गिऱ्हाइकाला देणे बंधनकारक ठरत नाही, आणि तयार होणाऱ्या फाइलला वेगळे फ्रेमवर्क लागत नाही. प्रोग्रॅमचे पडदे बनवण्याची क्यूटी ही लायब्ररी वापरायची झाल्यास मात्र एलजीपीएल या मुक्त परवान्याच्या अटी नीट समजून घ्याव्यात. पायथॉन भाषेतून क्यूटी वापरण्यासाठी पायक्यूटी आणि पायसाइड असे दोन जोड आहेत; पायक्यूटीला जीपीएल (सोर्स कोड खुला ठेवायला लावणारा परवाना) किंवा विकतचा परवाना लागतो, तर पायसाइड एलजीपीएलखाली मिळते.

माहिती साठवण्यासाठी एका संगणकावर एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस पुरेसा आहे आणि तो सार्वजनिक मालकीचा असल्याने परवान्याचा प्रश्नच उरत नाही. दुकानात दोन-तीन संगणकांवरून एकाच वेळी नोंदी होत असतील, तर एसक्यूलाइटची फाइल शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवण्याची चूक करू नये. तिथे फायरबर्ड हा डेटाबेस वापरावा, तोही व्यावसायिक कामासाठी मोफत आहे. इन्स्टॉलर (प्रोग्रॅम संगणकात बसवणारी फाइल) बनवण्यासाठी एनएसआयएस हे टूल चालेल. इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या, निर्मात्याची डिजिटल स्वाक्षरी नसलेल्या फाइलबद्दल विंडोज इशारा दाखवते आणि तो टाळायला लागणारे कोड सायनिंग (अशी स्वाक्षरी करण्याचे) प्रमाणपत्र विकत घ्यावे लागते. सुरुवातीला तुम्ही स्वतः दुकानात जाऊन प्रोग्रॅम बसवणार असाल, तर हा खर्च पुढे ढकलता येईल.

कोणतेही टूल पक्के करण्याआधी त्यात एकच पान तयार करून एखाद्या गिऱ्हाइकाच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर मराठी पट्टी छापून पाहावी. देवनागरी मजकूर विंडोजच्या ड्रायव्हरमधून चित्ररूपाने छापला जातो आणि त्याला इंग्रजीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. सौद्याच्या दिवशी शेतकऱ्यांची रांग असताना हा वेळ परवडणारा नसेल, तर त्या दुकानदाराला लेझर प्रिंटर घ्यावा लागेल, हे व्यवहार ठरवतानाच सांगावे.