आडनावातलं गाव आणि कबरीवरचं नाव

प्रश्न : ताई नमस्कार. मी इस्राएलमध्ये अश्दोदला राहते, आमच्या घरात अजून मराठीच बोलतात. आई-बाबा १९६० च्या दशकात इकडे आले. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, मूळ अलिबागच्या बाजूचे, आडनाव गावावरूनच पडलेलं, शेवटी कर. आजी गेल्यावर तिच्या डब्यात एका कबरीचा जुना फोटो सापडला, सोबत पाठवलाय. मागे पेन्सिलने ‘समाजी, बाबांचे आजोबा’ असं लिहिलंय, पण घरात सगळे म्हणतात की खापरपणजोबांचं नाव सॅम्युएल होतं. आजी रेवदंड्याच्या गोष्टी सांगायची एवढं आठवतं. फेब्रुवारीत दहा दिवसांसाठी येतोय. नवगावला त्यांची कबर मिळेल का? सुरुवात कुठून करू?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण फोटोतच बरंच काही आहे आणि तुम्हाला ते माहीत नाहीये.

आधी नावाचं सांगते. समाजी आणि सॅम्युएल ही दोन माणसं नाहीत, एकच आहे. कोकणातल्या इस्राएल लोकांनी बायबलमधली नावं इकडच्या वळणाने घडवली होती, सॅम्युएलचा समाजी, इझिकिएलचा हसाजी, आयझॅकचा इसाजी, मोझेसचा मुसाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर समाजी हसाजी दिवेकर म्हणूनच ओळखले जायचे. पुढे एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिक्षक आले, मिशनरी जॉन विल्सननी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं, मुलं शाळेत हिब्रू शिकायला लागली, मग हळूहळू समाजीचा सॅम्युएल झाला. त्यामुळे एकाच माणसाला घरात एक नाव, सरकारी कागदावर दुसरं आणि कबरीवर तिसरं असं होऊ शकतं, आणि शोधताना ही सगळी रूपं हाताशी ठेवावी लागतात नाहीतर समोर आलेली नोंद आपण आपली नाही म्हणून सोडून देतो.

आता फोटो. वरची दोन हिब्रू अक्षरं पे आणि नून आहेत, म्हणजे ‘इथे पुरलंय’. त्याखाली मराठीत ओळ आहे, शेवाळातून ‘समाजी इसाजी’ एवढं नीट लागतं. म्हणजे बघा, पत्रात तुम्ही ज्याचं नाव विचारलंत त्याच्या वडिलांचं नावही तुम्हाला मिळालं, इसाजी. कबरीवर नाव बापाच्या नावासकट लिहायची पद्धत म्हणून मी नेहमी म्हणते की एक दगड दोन पिढ्या सांगतो.

त्याखाली चार अक्षरं आहेत, ताव, रेश, सामेख, हे. हे साल आहे. हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते, ताव ४००, रेश २००, सामेख ६०, हे ५, बेरीज ६६५. साल लिहिताना पुढचे पाच हजार बहुतेक वेळा सोडून देतात, म्हणजे खरं साल ५६६५. अशा सोडलेल्या सालात १२४० मिळवले की इंग्रजी साल येतं, ६६५ अधिक १२४०, १९०५. पण ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला बदलतं, हे वर्ष सप्टेंबर १९०४ मध्ये सुरू झालं होतं, आणि फोटोत महिन्याची ओळ वाचता येत नाहीये, म्हणून १९०४ आणि १९०५ दोन्ही सालं धरून चला. शेजारी कुठे शके लिहिलेलं दिसलं तर ७८ मिळवायचे, शके १८२६ म्हणजे १९०४, फक्त जानेवारी ते मार्चमधली तारीख असेल तर ७९.

एक सांगून ठेवते कारण मी स्वतः यात फसलेय. दगडाच्या अगदी तळाशी पाच अक्षरं असतात, ताव, नून, त्सादी, बेत, हे. ते साल नाही, ती मृतासाठीची प्रार्थना आहे, त्याचा आत्मा जिवंतांच्या गाठोड्यात बांधलेला राहो अशी. मी पहिल्या वर्षी त्यांची बेरीज केली, ५४७ आली, म्हणजे १७८७ साल, आणि तसंच वहीत लिहून मोकळी झाले, पुढे दोन वर्षांनी एका म्हाताऱ्या काकांनी दाखवून दिलं. तोवर त्या घराची अख्खी वंशावळ मी शंभर वर्षं मागे ढकलून ठेवली होती.

नवगावचं विचारलंत. तिथे जरूर जा, पण नाव शोधायला नाही. समाजाच्या परंपरेप्रमाणे पहिल्या पूर्वजांचं जहाज फुटलं ते त्या किनाऱ्यावर, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि जे बुडाले त्यांना तिथेच पुरलं, पुरुष वेगळे, बायका वेगळ्या. आता तिथे स्मारक आहे. तुमचे समाजी १९०४-०५ मध्ये गेले, त्यांची कबर ते ज्या गावात राहत होते त्या गावाच्या कब्रस्तानात असणार.

आणि इथेच बहुतेक लोक चुकतात. आडनाव पेणकर म्हणून पेणला जातात, किहीमकर म्हणून किहीमला, दोन दिवस फिरतात आणि हात हलवत परत येतात. आडनावातलं गाव हे फार मागच्या कुणाचं तरी गाव, तिथून पुढची पोरं तेलाच्या घाण्याच्या धंद्यासाठी, लष्करात, मुंबईला कुठे कुठे गेली. शोध मागून पुढे नाही, पुढून मागे करायचा, ज्या शेवटच्या माणसाबद्दल खात्री आहे तिथून. तुमच्या बाबतीत ते गाव आजीच्या बोलण्यातलं रेवदंडा. तिथे सिनेगॉग आहे, चौल शेजारीच, आणि अलिबागची इस्राएल आळी, जिथलं मागेन अबोथ सिनेगॉग १८४८ चं आहे, तीही जवळ. आधी अलिबागला सिनेगॉगमध्ये जाऊन भेटा, फोटो दाखवा. गावात विचारताना ‘ज्यू सिमेटरी’ म्हणून विचारू नका, कुणाला कळणार नाही, ‘इस्राएल लोकांचं कब्रस्तान कुठंय’ असं विचारा, आणि शंभर टक्के म्हाताऱ्या माणसालाच विचारा. काही ठिकाणी सिनेगॉगलाही जुनी माणसं इस्राएलांची मशीदच म्हणतात. ‘शनवार तेली’ म्हटलं तरी जुन्यांना लगेच कळतं, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते नाव पडलं, तसे सोमवारी बंद ठेवणारे ते सोमवार तेली.

कबर सापडली की किंवा नाही सापडली तरी कागदाकडे वळा. महाराष्ट्रात गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंद असते, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात, ती तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळते. अर्जात गाव आणि १९०४, १९०५ ही दोन्ही सालं लिहा. जातीच्या रकान्यात ‘इस्राएल’ शोधा, पण ‘तेली’ लिहिलेली नोंदही नाव जुळत असेल तर सोडू नका. नोंद मोडी लिपीत असण्याची शक्यता खूप, म्हणून फोटो काढायची परवानगी मागा किंवा नक्कल घ्या आणि मोडी वाचणाऱ्याकडून नंतर निवांत वाचून घ्या, खिडकीपाशी उभं राहून वाचायचा हट्ट करू नका. घराची जागा होती असं आजी म्हणायची का हो? असेल तर सातबारा आणि जुने फेरफार बघायलाच हवेत, कारण खातेदार वारला की वारसांची नावं फेरफारात चढतात, म्हणजे बाप मेल्यावर किती मुलं होती हे एका कागदावर दिसतं. ‘आपले अभिलेख’ या सरकारी साइटवर काही जुनं रेकॉर्ड घरबसल्या बघता येतं, निघण्याआधी एकदा बघा.

जिल्ह्याचा इतिहास थोडा डोक्यात ठेवा, नाहीतर चुकीच्या ऑफिसात दिवस जातो. आज जो रायगड तो १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होता, जुन्या कागदांवर कुलाबाच दिसेल. अलिबाग १८४० पर्यंत आंग्र्यांचं. आणि मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा हा भाग सिद्दीच्या जंजिरा संस्थानात, थेट १९४८ पर्यंत, त्यामुळे घराण्याचा धागा तिकडे वळला तर तिथलं जुनं दप्तर इंग्रजी जिल्ह्याच्या दप्तरात असेल असं धरून चालू नका. १८८३ चं कुलाबा गॅझेटियर वाचाच, त्यात या समाजावर मजकूर आहे. त्यात माणसांची नावं मिळणार नाहीत, पण आपले लोक तेव्हा काय करत होते, काय खात होते, हे वाचलं की कबरीसमोर उभं राहिल्यावर वेगळंच वाटतं.

प्रश्न : मी ठाण्याची. आमचं आडनाव दिवेकर, आम्ही हिंदू. ऑफिसात एकजण म्हणाला दिवेकर तर ज्यू असतात, तुमचे पूर्वज नक्की धर्म बदललेले. तेव्हापासून घरात वाद चाललाय.

उत्तर : वाद मिटवा. दिवेकर म्हणजे दिवे या गावचा, बाकी काही नाही. एका गावात ब्राह्मण, कुणबी, कोळी, मुसलमान, इस्राएल सगळे राहत होते आणि जो गाव सोडून बाहेर गेला त्याला तिथले लोक गावाच्या नावाने हाक मारायला लागले. पेणकर, दांडेकर यांचंही तेच. आडनावावरून गाव कळतं, धर्म नाही कळत आणि रक्ताचं नातंही नाही. तुमच्याकडे कबरी नाहीत म्हणून तुमचा रस्ता वेगळा, नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरला तुमच्या घराण्याचे जे तीर्थोपाध्ये असतील त्यांच्या वहीत आजोबा-पणजोबा कधी येऊन गेले, बरोबर कोण होतं, गाव कुठलं सांगितलं हे लिहिलेलं असतं. जाताना मूळ गाव आणि कुलदैवत दोन्ही विचारून जा, एकाच आडनावाची बरीच घराणी असतात म्हणून.

प्रश्न : कबरीवरची अक्षरं बुजलेली असतील तर काय करायचं? कुणी म्हणतं खडू चोळा, कुणी म्हणतं ॲसिडने साफ होतं.

उत्तर : दोन्ही नको, कृपा करून नको. ॲसिडने शेवाळ जातं आणि त्याबरोबर अक्षराची कडही जाते, जांभा दगड असेल तर त्याचं भुसकट होतं. तारेचा ब्रशही नको. साधं पाणी, मऊ ब्रश आणि धीर. सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी पाचनंतर जा, ऊन तिरकं असतं तेव्हा बुजलेलं अक्षर सावलीने वर येतं, आणि ऊन पडत नसेल तर घरातला आरसा नेऊन बाजूने उजेड पाडा, भर दुपारी जे दगड कोरे वाटले त्यांच्यावर मी असं करून पूर्ण ओळी वाचल्यात. पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच जाऊ नका, गवत कंबरेएवढं असतं आणि साप असतात, डिसेंबर ते फेब्रुवारी बरं. कबरीवर पाय ठेवू नका, बाहेर पडताना हात धुवा, ती रीत आहे. काही जुन्या कबरींवर अक्षरंच नसतात, नुसता दगड असतो, तिथे खरवडून काही निघणार नाही.

आणि फोटो काढाल तेव्हा आपल्या माणसाच्या दोन्ही बाजूच्या कबरींचेही काढा, नावं ओळखीची नसली तरी, दगड आणि त्यामागचं झाड किंवा भिंत दिसेल असे. घरी येऊन कोतवाल बुकाची नक्कल हातात पडते तेव्हा बरेचदा कळतं की शेजारची ती बाई त्यांची बहीण होती.