तिसऱ्या मजल्याचे फोटो

नमस्कार ताई,

मी सांगलीत २२ वर्षं व्हॅल्युएशनचं काम करतो, म्हणजे कर्ज देण्याआधी बँकेला घर पाहून त्याची किंमत ठरवून देतो. सिव्हिल इंजिनिअर आहे, वय ५६. एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या आणि तीन सहकारी बँकांच्या पॅनेलवर, म्हणजे मान्यताप्राप्त व्हॅल्युअरच्या यादीत आहे. पूर्वी महिन्याला २०-२५ रिपोर्ट असायचे, आता ४५ च्या खाली येत नाहीत. बँकांना रिपोर्ट दोन दिवसांत हवा असतो, फी मात्र तीन-तीन महिने येत नाही. ऑफिसात मी एकटाच. बायको म्हणते, माणूस ठेवा. तिचा भाचा बी.ई. सिव्हिल होऊन घरी बसलाय, १८ हजारांवर यायला तयार आहे. पण २०१२ साली मी एका मुलाला असाच हाताखाली घेतला होता. सहा वर्षं सगळं शिकवलं. आज तो माझ्याच दोन बँकांच्या पॅनेलवर आहे. रस्त्यात भेटला तर नमस्कार करतो, एवढंच. ते अजून सलतं. म्हणून भाच्याला घेतलंच तर फक्त टायपिंग आणि बँकेच्या फेऱ्यांसाठी, असं मनात आहे. बाहेरचं मीच बघेन. तसं गुडघ्यामुळे वरच्या मजल्यांचे फोटो हल्ली पार्टीकडूनच व्हॉट्सॲपवर मागवतो, पावसाळ्यात तर खालच्या घरांचेही, त्यामुळे धावपळ बरीच वाचते. तरी निर्णय होत नाही. ठेवू का माणूस?

— एक व्हॅल्युअर, सांगली

भाऊ,

तुमच्या पत्रातली एक ओळ 'तसं' या शब्दाने सुरू होते. बँकांची दिरंगाई, बायकोचा भाचा, शिकून गेलेला मुलगा, हे सगळं तुम्ही नीट बैठक मारून लिहिलंय. ती ओळ मात्र निघता निघता, चप्पल घालताना बोलावं तशी आली आहे. मी तिच्याबद्दलच बोलणार आहे.

वरच्या मजल्यांचे फोटो पार्टी पाठवते. म्हणजे ज्याला कर्ज हवंय, किंवा ज्याला घर विकून मोकळं व्हायचंय, तोच ठरवतो की कोणतं दार उघडायचं आणि कोणती भिंत दाखवायची. फोटो तो काढतो, आणि त्या फोटोंवर तुम्ही सही करता.

बँकेच्या रिपोर्टच्या शेवटी जे घोषणापत्र असतं ते तुम्हाला पाठ असणार. अमुक तारखेला मी किंवा माझ्या अधिकृत प्रतिनिधीने मालमत्तेची जातीने पाहणी केली, हे काम दुसऱ्या व्हॅल्युअरकडे सोपवलेलं नाही. हे तुम्ही महिन्याला ४५ वेळा लिहून देता. मग मला सांगा, त्या तिसऱ्या मजल्यावर तुमचा अधिकृत प्रतिनिधी कोण होता?

माणूस ठेवू का, असं तुम्ही विचारताय. तो तुम्ही ठेवलेला आहे. पगार द्यावा लागत नाही म्हणून त्याला मोजलं नाहीत. आणि साऱ्या सांगलीत त्या घराबद्दल ज्याचं बोलणं तुम्ही सगळ्यात शेवटी धरायला हवं होतं, नेमका तोच निवडलात.

गुडघ्याचं वाचून मला वाईट वाटणार होतं. पण पुढचेच शब्द आहेत, 'पावसाळ्यात तर खालच्या घरांचेही'. तळमजल्याला जिना नसतो, भाऊ. पहिल्या महिन्यात गुडघा खरा असेल, आता ती सवय झाली आहे. डॉक्टरला गुडघा दाखवालच, पण या सवयीवर तो औषध देणार नाही.

आणि तेही सांगलीत, पावसाळ्यात, तळमजल्याचं घर! ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. आज तुमच्या गावात जुनं घर घेणारा माणूस भाव विचारायच्या आधी विचारतो, २०१९ ला पाणी कुठवर होतं? त्याचं उत्तर भिंतीवर असतं. रंगाखाली फुगलेला गिलावा, दाराच्या चौकटीचं खालून सडलेलं लाकूड, मीटरचा बोर्ड मुद्दाम वर घेतलेला, कपाट ओढलं की मागे दिसणारी मातकट रेघ. फोटो काढणारा ते कपाट ओढणार आहे का? ओल नाकाला कळते, मोबाइलला कळत नाही. शेजारच्या आजी ओट्यावर बसल्या बसल्या सांगतात की या घरातलं सामान दोन्ही पुरांत नावेतून काढलं होतं. त्यासाठी त्या ओट्यापर्यंत कुणीतरी जावं लागतं.

वरच्या मजल्यांचं तेच. ३०१ चं कर्ज आणि फोटो ३०३ चे, हे होऊ शकतं, तुम्ही पायरीवरही पाय ठेवलेला नसताना तुम्हाला कसं कळेल? मंजूर नकाशात गॅलरी आहे आणि प्रत्यक्षात तिथे खोली झालीय. दोन फ्लॅटमधली भिंत पाडलीय. इंडेक्स टू वरचं, म्हणजे खरेदीच्या सरकारी नोंदीतलं क्षेत्रफळ आणि टेपने येणारं क्षेत्रफळ जुळत नाही. आत भाडेकरू बसलाय आणि त्याने जागा सोडायला नकार दिलाय. हे मी तुम्हाला शिकवावं असं नाही. २२ वर्षांत तुम्ही हे शेकडो वेळा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल, म्हणूनच मला जास्त राग येतोय.

या रागाला घरचंही कारण आहे. माझ्या धाकट्या बहिणीने काही वर्षांपूर्वी जुना फ्लॅट घेतला, दुसऱ्या मजल्यावरचा. आम्ही घरचे साशंक होतो, कारण सगळ्या घराला ताजा रंग होता. ती म्हणाली, "अगं, बँकेने लोन पास केलंय. बँकेचा माणूस बघून गेलाय. खराब असतं तर दिलं असतं का?" पहिल्याच पावसात वरच्या बाथरूमचं पाणी झिरपून छताचा गिलावा पलंगावर आला. नशिबाने पलंगावर कुणी नव्हतं. नंतर वॉचमनकडून कळलं की बँकेचे साहेब गेटपाशी गाडीत बसून होते, एजंटने वर जाऊन फोटो आणून दिले. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, 'देखभाल उत्तम'. बहिणीने दुरुस्तीला सोनं मोडलं.

तुमचा रिपोर्ट बँकेसाठी असतो, घर घेणाऱ्यासाठी नसतो, हे मला माहीत आहे. कायद्याने तसंच आहे. पण घर घेणारी बाई तो कागद न वाचताही त्याच्यावर विसंबते. 'बँकेने लोन दिलं' या तिच्या वाक्यात तुमची सही असते.

आता तो २०१२ चा मुलगा. त्याच्याबद्दल तुम्हाला माझ्याकडून दोन गोड शब्द हवे होते, ते मी देणार नाही. त्याने तुमच्याकडे सहा वर्षं काम केलं, मग पाच वर्षांच्या अनुभवाची अट, ५० तासांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा असं सगळं करून तो रीतसर व्हॅल्युअर झाला असेल, तर त्याने काय चोरलं? काम शिकलेला माणूस एक दिवस स्वतःचं काम करणारच. तुम्हीही कुणाकडे तरी शिकलातच ना? तो भेटल्यावर नमस्कार करतो. तो नमस्कार घ्या.

पण त्या मुलाने केलं नाही असं एक नुकसान तुमच्या भीतीने केलंय. शिकलेला माणूस निघून जातो, म्हणून पुन्हा कुणाला साइटवर न्यायचं नाही, असं तुम्ही ठरवलंत. काम दुप्पट झालं, गुडघा दुखायला लागला, तरी शिकाऊ मुलाच्या हातात टेप द्यायचा नाही. मग टेप कुणाच्या हातात गेला? पार्टीच्या. तो शिकणार नाही, पॅनेलवर येणार नाही, म्हणून तो तुम्हाला बिनधोक वाटला. आणि आताही भाच्याला टायपिंगला बसवायचा बेत त्याच भीतीचा आहे. बी.ई. सिव्हिल झालेल्या पोराला तुम्ही टायपिंग देणार आणि तिसऱ्या मजल्यावर घरमालकाला पाठवणार?

म्हणून सांगते. भाच्याला येत्या एक तारखेपासून घ्या, आणि टायपिंगसाठी नाही, जिन्यासाठी घ्या.

त्याला तुमच्या लेटरहेडवर अधिकारपत्र द्या, फोटो असलेलं ओळखपत्र द्या, आणि चारही बँकांच्या शाखांना लिहून कळवा की यापुढे पाहणीला तुमच्या वतीने हा येईल. पाहणी कर्मचाऱ्याने करायलाही त्यांची मान्यता लागते का, ते त्याच पत्रात विचारा. जिथे नाही म्हणतील, तिथे तुम्ही चढा, नाहीतर ती केस परत करा. तीन महिन्यांचा पगार, ५४ हजार, आधीच बाजूला काढून ठेवा, म्हणजे बँकेने फी लांबवली तरी पोराचा पगार एक तारखेला होईल. ४५ रिपोर्ट करणाऱ्याला हे जड नाही. आणि बायकोचा भाचा म्हणून पगारात किंवा बोलण्यात सूट घेऊ नका, घरच्या माणसाचा पगार राहिला की तो घरातच सलतो.

तो सही करणार नाही. सही तुमचीच, जबाबदारीही तुमचीच. तो आला की त्याला प्रश्न विचारा. मीटर कुणाच्या नावावर होता? चतुःसीमा कुणाला विचारून लिहिल्यास? स्लॅबला तडा होता का, ओल होती का, वास कसला येत होता? शेजारी कुणाशी बोललास? ज्याचं उत्तर येणार नाही, त्यासाठी पुन्हा पाठवा. तिसऱ्या खेपेला तो स्वतःहून बघून येईल. तुमच्याकडे जे आहे ते गुडघ्यात नाही. विश्रामबागेत २० वर्षांपूर्वी काय भाव होता, कुठल्या सोसायटीचा भोगवटा दाखला अडकलाय, कोणत्या बिल्डरचं काम कच्चं, हे टेबलापाशी बसून सांगता येतं. ते त्या पोराला सांगा. सगळं सांगा, राखून ठेवू नका. सहा वर्षांनी तो गेला तर जाईल.

पण त्याचं पहिलं काम नवीन केसचं नसेल. गेल्या पावसाळ्यापासून जेवढी घरं तुम्ही न बघता सही केलीत, त्यांची यादी काढा. व्हॉट्सॲपवर फोटो अजून असतील, त्यावरूनच निघेल. त्या प्रत्येक घरी त्याला घेऊन जा. तुम्ही स्वतः. वेळ लागेल, मधल्या पायरीवर बसावं लागेल, बसा. जिथे रिपोर्ट चुकलाय असं दिसेल, तिथे शाखाधिकाऱ्याला लेखी कळवा आणि दुरुस्त रिपोर्ट द्या. एखादी बँक रागावेल, पॅनेलवरून काढेलही. ते सोसा. एखाद्या घराचं खरेदीखत अजून व्हायचं असेल, तर तिथे एखाद्या बाईचं सोनं वाचेल.

तळमजल्यांपासून सुरुवात करा. त्यात नदीकडच्या गावभागातलं घर असेल तर तेच पहिलं. भाच्याला सांगा, कपाट ओढ.

— ताई