'को-स्टार'ला मराठीत काय म्हणतात? समानार्थी शब्द सांगाल का?

सरळ शब्द सहकलाकार. एकत्र लिहायचा, मध्ये जागा सोडायची नाही. स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो, म्हणून बातमीत हाच जास्त दिसतो. नेमकेपणा हवा असेल तर सहअभिनेता, सहअभिनेत्री.

घोळ होतो तो 'सहाय्यक अभिनेता'पाशी. तो समानार्थी नाही. तिथे भूमिका दुय्यम असते. सहकलाकार मात्र तोलामोलाचा असू शकतो. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) घ्या. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे त्यात एकमेकांचे सहकलाकार. पण त्यांतल्या कुणाला सहाय्यक म्हणून बघा, घरातलेच भांडायला उठतील!

एखाद-दुसऱ्या प्रसंगापुरता येतो तो पाहुणा कलाकार. 'सहनायक' म्हणजे बहुधा दुसरा नायक, त्यामुळे तो शब्द जपून वापरा.

बोलताना मात्र यातलं काहीच फारसं कुणी म्हणत नाही. आपण विचारतो, "तिच्यासमोर हिरो कोण आहे?" किंवा "तिच्यासोबत कोण आहे?" काम तेवढ्यानं भागतं. जोडी गाजलेली असेल तर 'पडद्यावरचा जोडीदार' छान वाटतं. नुसतं 'जोडीदार' लिहू नका, लोक लग्नाची तारीख विचारतील.