'वासिलात' म्हणजे काय आणि आपल्या 'वासलाती'शी तिचे नाते काय?

प्रश्न असा आहे : मिळकतीच्या एका जुन्या दाव्याच्या उर्दू कागदात 'दावा दख़लयाबी मय वासिलात' (म्हणजे वासिलातीसह कब्जा मिळण्याचा दावा) असे शब्द आहेत आणि त्याच दाव्याच्या इंग्रजी कागदात 'वासिलात'च्या जागी 'मीन प्रॉफिट्स' असे लिहिले आहे. या दोन्ही शब्दांचा अर्थ काय, आणि 'वासिलात' म्हणजे आपली 'वासलात लावणे'मधील वासलातच का?

आधी इंग्रजी शब्दाचे पाहू. 'मीन' या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये मधोमध एस आणि शेवटी ई आहे, पण उच्चारात दोन्हींचा मागमूस नाही. त्यामुळे भलेभले लोक तो 'मेस्ने' असा वाचतात. इंग्लंडच्या न्यायालयांत शतकानुशतके वापरल्या गेलेल्या कायदेशीर फ्रेंचमधून तो आला आणि त्याचा मूळ अर्थ 'मधला' एवढाच आहे. राजा आणि प्रत्यक्ष जमीन कसणारे कूळ यांच्या मध्ये जो जमीनदार असे, त्यालाही तेथे हेच विशेषण लावीत. 'मीन प्रॉफिट्स' म्हणजे, त्या हिशेबाने, मधल्या काळातील नफा. मधला काळ कोणता, तर मालकाची मिळकत दुसऱ्याने बेकायदा बळकावल्यापासून ती मालकाला परत मिळेपर्यंतचा.

उर्दू भाषांतरकारांनी मात्र काळाकडे न पाहता पैशाकडे पाहिले. 'वासिलात' हे 'वासिल' या अरबी शब्दाचे अनेकवचन असून त्याचे मूळ वाव, सुआद आणि लाम या तीन अक्षरांत आहे. त्या धातूचा अर्थ जोडले जाणे, येऊन पोहोचणे असा आहे. 'वासिल' म्हणजे येऊन पोहोचलेले, आणि हिशेबाच्या भाषेत हाती आलेली रक्कम. 'वसूल' हा आपला रोजचा शब्द त्याचाच सख्खा भाऊ; उर्दू शायरीतला 'वस्ल' म्हणजे मीलन, आणि पत्र 'मौसूल' झाले म्हणजे मिळाले, हेही त्याच घरचे. जमाबंदीच्या दप्तरात 'जमा-वासिल-बाकी' नावाचा तक्ता असे. त्यात आकारणी किती, आली किती आणि राहिली किती, हे मांडले जाई. त्या तक्त्यातील मधला रकाना ध्यानात ठेवला की 'वासिलात'चा अर्थ विसरायला होत नाही.

येथे एक सावधगिरी हवी, कारण देवनागरीत हे शब्द लिहिले की त्यांची कुळे झाकली जातात. 'वसीला' म्हणजे साधन किंवा मध्यस्थी, ज्यापासून मराठीतला 'वशिला' आला, तो उर्दूत सुआदने नव्हे, सीन या दुसऱ्या 'स'ने लिहितात. त्याचा धातूच वेगळा आहे. वशिल्याने वसुली होत असली तरी व्याकरणात त्यांचे नाते नाही. 'महसूल', 'तहसील' आणि 'हासिल' यांत सुआद आहे, पण त्यांचा धातू 'हे' या अक्षराने सुरू होतो, म्हणून तेही निराळे. उलट 'मुवासलात' हा शब्द खरोखरच 'वासिलात'च्या धातूचा आहे, मात्र त्याचा अर्थ दळणवळण असा असून पाकिस्तानातील दळणवळण मंत्रालयाच्या नावात तो आढळतो. घाईत वाचणाऱ्याची गफलत बहुधा याच जोडीत होते.

आता 'मीन प्रॉफिट्स' या संज्ञेत कायदा काय काय धरतो ते पाहू. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 2(12) मध्ये तिची व्याख्या आहे आणि ही संहिता फाळणीनंतर भारत व पाकिस्तान या दोन्ही देशांत चालू राहिली. व्याख्येचा आशय असा की, बेकायदा कब्जेदाराला मिळकतीपासून प्रत्यक्ष मिळालेला, किंवा सर्वसाधारण तत्परता दाखवली असती तर मिळू शकला असता, असा नफा आणि त्यावरील व्याज यांचा तीत समावेश होतो. कब्जेदाराने स्वतः केलेल्या सुधारणांमुळे वाढलेला नफा मात्र धरला जात नाही. समजा, एका दुकानाला दरमहा 10,000 रुपये भाडे सहज आले असते, पण कब्जेदाराने ते आपल्या मेहुण्याला 6,000 रुपयांनी दिले आणि वर स्वखर्चाने एक खोली बांधून तिचे आणखी 4,000 रुपये घेतले. त्याच्या हातात दरमहा 10,000 येत असले तरी त्यातले खोलीचे 4,000 वगळावे लागतील, आणि दुकानापोटी 6,000 नव्हे, 10,000 धरावे लागतील. छत्तीस महिन्यांचे 3,60,000 रुपये आणि वर व्याज. आकडा योगायोगाने तोच आला, पण वाट अगदी वेगळी आहे.

म्हणजे 'वासिलात'चा शब्दशः अर्थ 'हाती आलेले' असला, तरी कायद्यात हाती न आलेलेही तिच्यात मोडते. आणि 'मीन'चा शब्दशः अर्थ 'मधले' असला, तरी कब्जा बेकायदा असल्याची अट त्या शब्दात कोठेच दिसत नाही. दोहोंत मला उर्दू शब्द उजवा वाटतो. निदान मामला पैशाचा आहे, हे तो ऐकताक्षणी सांगतो. हिंदीतील अधिकृत 'अंतःकालीन लाभ' ही इंग्रजीची सही सही नक्कल आहे आणि तितकीच मुकी आहे.

राहिला प्रश्न वासलातीचा. शब्द तोच. हिशेबातील येणे वसूल झाले की खाते मिटते, आणि खाते मिटवणे म्हणजे निकाल लावणे, असा त्याचा मराठीतील प्रवास दिसतो. पुढे पैसा गळून पडला आणि केवळ निकाल उरला, तोही बहुधा वाईटच : 'वडिलोपार्जित धंद्याची दोन वर्षांत वासलात लावली' या वाक्यात वसुली कोठेच नाही, उलट असलेलेही गेले आहे. म्हणून उर्दू कागदातील 'वासिलात' मराठीत आणताना 'वासलात' लिहिल्यास दाव्याचा अर्थच उलटा होईल. भाषांतरात 'कब्जा परत मिळावा आणि बेकायदा कब्जाच्या काळातील उत्पन्न व्याजासह मिळावे, असा दावा' असे लिहावे. शब्द वाढतात, पण पक्षकाराला आपण काय मागतो आहोत ते कळते.