काउंटी शेरीफ, नगरपाल आणि 'डेप्युटी'चा घोळ

प्रश्न असा आहे: अमेरिकेतील एका शेरिफाच्या कारकिर्दीवरचा लेख मराठीत आणायचा आहे. 'काउंटी शेरीफ'साठी 'नगरपाल' लिहावे की 'जिल्हा पोलीस अधीक्षक'? आणि 'डेप्युटी शेरीफ' म्हणजे 'उपशेरीफ'च ना?

तिन्ही टाळावेत. 'शेरीफ' हाच शब्द ठेवावा. मुंबईमुळे तो मराठीत दीडशे वर्षांहून अधिक काळ रुळलेला आहे. डॉ. भाऊ दाजी लाड १८६९ आणि १८७१ अशी दोनदा मुंबईचे शेरीफ होते. अलीकडच्या काळात दिलीपकुमार आणि सुनील गावसकर यांनीही हे पद भूषवले. 'नगरपाल' हा त्याच मुंबईच्या पदासाठी घडवलेला शब्द. तिथे तो शोभतो, कारण ते एका शहराचे, सरकारने वर्षभरासाठी नेमलेल्या प्रतिष्ठित नागरिकाचे मानाचे पद आहे. काउंटी म्हणजे अमेरिकेतील राज्याचा एक प्रशासकीय भाग. तिच्या शेरिफाला तो लावला की अर्थ उलटाच होतो. तिथे शहरांना बहुधा त्यांचे स्वतःचे पोलीस असतात, आणि शेरिफाची गस्त मुख्यतः शहरहद्दीबाहेरच्या भागात असते. ज्याचा मुख्य वावर नगराबाहेर, त्याला नगरपाल कसे म्हणणार?

मुळात 'शेरीफ' हा शब्द परगण्याचा आहे. जुन्या इंग्रजीतील 'शीर' म्हणजे परगणा (यॉर्कशायर, हॅम्पशायर यांतला 'शायर' तोच) आणि 'गेरेफा' म्हणजे राजाचा कारभारी. दोन्ही मिळून शेरीफ. अरबी 'शरीफ'शी, म्हणजे खानदानी, सज्जन या अर्थाच्या शब्दाशी, त्याचे काही नाते नाही. उच्चार जवळचा असल्याने ही समजूत वारंवार आढळते. पुढे या एका शब्दाला वेगवेगळे पाय फुटले. इंग्लंडमध्ये हाय शेरीफ वर्षभराचे समारंभाचे पद उरले, आणि मुंबईचा शेरीफ त्याच घराण्यातला. स्कॉटलंडमध्ये शेरीफ हा चक्क न्यायाधीश असतो. अमेरिकेत मात्र बहुतेक राज्यांत तो लोकांनी मत देऊन निवडलेला अधिकारी आहे.

'जिल्हा पोलीस अधीक्षक' ऐकायला जवळचा वाटतो, पण फसवतो. आपला अधीक्षक सरकार नेमते आणि बदलते. शेरिफाची बदली होत नाही, तो निवडणूक हरतो. मुदत बहुतेक राज्यांत ४ वर्षांची, न्यू जर्सीत ३, मॅसॅच्युसेट्समध्ये ६. अलास्कात काउंट्याच नाहीत, म्हणून शेरीफही नाहीत.

कामातला फरक त्याहून मोठा. काउंटीचा तुरुंग बहुतेक ठिकाणी शेरिफाच्याच ताब्यात असतो. आपल्याकडे कारागृह हे वेगळे खाते आहे. शिवाय न्यायालयाचा बंदोबस्त, समन्स बजावणे, जप्ती, घराचा ताबा घेऊन देणे, थकलेल्या कर्जापोटी घराचा लिलाव, हेही त्याच्याकडे. म्हणजे आपला पोलीस अधीक्षक, तुरुंग अधीक्षक आणि जिल्हा न्यायालयातला बेलिफांसकट नाझर, असे तिघे एका खुर्चीत बसले तर शेरीफ होईल. त्यासाठी एक मराठी शब्द शोधण्यात अर्थ नाही. 'काउंटी'चेही तसेच. कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो काउंटी सुमारे ५२,००० चौरस किमी आहे, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या तिप्पट. इतर कितीतरी काउंट्या एखाद्या तालुक्याएवढ्या. 'जिल्हा' म्हटले की वाचक चुकीचा आकार मनात धरतो.

आता 'डेप्युटी'. सर्वांत जास्त अनुवाद इथे घसरतात. डेप्युटी कलेक्टर म्हणजे उपजिल्हाधिकारी, या सवयीने डेप्युटी शेरीफ म्हणजे 'उपशेरीफ' होतो, आणि वाचकाला वाटते की हा माणूस पहिल्या दिवशीच दोन नंबरच्या खुर्चीत बसला. प्रत्यक्षात डेप्युटी ही पहिली पायरी आहे. शेरिफाच्या वतीने अधिकार वापरणारा, शपथ घेतलेला प्रत्येक साधा अंमलदार डेप्युटीच. मोठ्या काउंटीत ते हजारोंनी असतात. म्हणून 'डेप्युटी' तसेच ठेवावे आणि पहिल्या उल्लेखात 'शेरीफ कार्यालयातील अंमलदार' असा खुलासा द्यावा. महाराष्ट्र पोलिसांत शिपायापासून सहायक फौजदारापर्यंतच्यांना 'पोलीस अंमलदार' म्हणतात, त्यामुळे पातळी लगेच कळते.

खरा दोन नंबर असतो 'अंडरशेरीफ', काही ठिकाणी 'चीफ डेप्युटी'. अंडरशेरिफासाठी 'दुय्यम शेरीफ' चपखल बसतो. 'दुय्यम निबंधक' आपल्या कानाला ओळखीचा आहेच. मधल्या पायऱ्या साधारण सार्जंट, लेफ्टनंट, कॅप्टन. काही कार्यालयांत सार्जंटच्या खाली कॉर्पोरलही. ही नावे वाचकाला सैन्याची वाटतात, म्हणून 'शेरीफ कार्यालयात लेफ्टनंट' असे जोडून लिहावे.

कारकिर्दीचा सुरुवातीचा भागही शब्दांत अडकतो. उमेदवार लेखी आणि शारीरिक चाचणी देतो, मग पूर्वचारित्र्याची कसून चौकशी, अनेक ठिकाणी पॉलिग्राफ (खोटे पकडण्याची यंत्रचाचणी), मानसिक आणि वैद्यकीय तपासणी. त्यानंतर अकादमी, कॅलिफोर्नियात राज्याने ठरवलेला किमान अभ्यासक्रम ६६४ तासांचा आहे. 'अकादमीतून पदवी' असे लिहू नका, 'प्रशिक्षण पूर्ण केले' लिहा. नाहीतर वाचक विद्यापीठ शोधू लागतो. पुढे अनेक काउंट्यांत नवा डेप्युटी आधी तुरुंगात नेमला जातो, कारण तिथे रात्रंदिवस माणसे लागतात आणि गस्तीची जागा रिकामी होईपर्यंत थांबावे लागते. मूळ लेखात 'जेलमध्ये काही वर्षे काढली' अशा अर्थाचे वाक्य असेल तर सांभाळा! मराठीत त्याने शिक्षा भोगली असे होईल. 'तुरुंगात नेमणूक होती' म्हणा. हा काउंटीचा तुरुंग मुख्यतः कच्च्या कैद्यांचा आणि लहान शिक्षांचा असतो, राज्याचे मोठे कारागृह वेगळे. आपल्याकडील जिल्हा कारागृह आणि मध्यवर्ती कारागृह या जोडीने तो भेद बराच दाखवता येतो. आणि 'पॅट्रोल'साठी 'गस्त' हाच शब्द वापरा. 'पेट्रोल विभागात बदली झाली' असे छापले की वाचक पंपावर पोचतो.

शेवटची पायरी क्रियापदाची. कॅप्टनपर्यंत 'बढती मिळाली' बरोबर, दुय्यम शेरिफासाठी 'शेरिफाने निवड केली', पण शेरीफपदासाठी 'बढती' चूकच. तिथे 'निवडून आले' हवे. मुदतीच्या मध्येच जागा रिकामी झाली, तर ती भरण्यासाठी 'नेमणूक' होऊ शकते. मूळ मजकुरात तसे आहे का हे पाहून मगच तो शब्द वापरावा. कॅलिफोर्नियात शेरीफपदाच्या उमेदवाराला पोलिसी कामाचा अनुभव किंवा तसे प्रमाणपत्र लागते; सगळ्या राज्यांत ही अट नाही. म्हणून 'खालच्या पदांवरून चढत आलेला' हे प्रत्येक शेरिफाबद्दल गृहीत धरू नये.

लेखन 'शेरीफ' असे, उपान्त्य (शेवटून दुसरे) अक्षर दीर्घ: वकील, गरीब, पोलीस यांच्याप्रमाणे. विभक्ती लागली की ऱ्हस्व: वकिलाने, पोलिसाने, तसे शेरिफाने, शेरिफाचा. स्त्री असली तरी शब्द तोच, क्रियापद बदलते: 'त्या शेरीफ म्हणून निवडून आल्या'.

सगळे एकत्र केले तर असे वाक्य होईल: 'डेप्युटी म्हणून भरती झाल्यावर त्यांची पहिली नेमणूक काउंटीच्या तुरुंगात झाली, पुढे गस्त आणि तपास शाखेत काम करून ते सार्जंट, लेफ्टनंट, कॅप्टन झाले, दुय्यम शेरीफ म्हणून त्यांनी कार्यालयाचा कारभार पाहिला आणि नंतरच्या निवडणुकीत ते शेरीफ म्हणून निवडून आले.'