जुना थिन क्लायंट (सर्व्हरच्या आधारावर चालणारा छोटा संगणक) नेटवर्कवरून बूट करताना
बूट फाइल देणाऱ्या सर्व्हरकडे नंतर वळ. आधी मशीन उघडून मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल बदल. तो संपला असेल तर बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची, सेटिंग टिकत नाही. मग बायोसमध्ये पीएक्सई बूट (नेटवर्कवरून सुरू होण्याची सोय) चालू करून बूटच्या यादीत सर्वांत वर आण.

राउटरचं डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणारी सेवा) बंद करू नकोस, घरातल्या सगळ्यांचं इंटरनेट अडेल. सर्व्हरवर डीएनएसमास्क हा प्रोग्रॅम प्रॉक्सी मोडमध्ये चालव: आयपी पत्ता राउटरच देतो, बूट फाइल कुठली ते डीएनएसमास्क सांगतो. ती फाइल पाठवणारं टीएफटीपीही त्यातच येतं. बूट फाइल मात्र मशीन बघून निवड. जुन्या बायोसला 'अनडीओन्ली.केपीएक्सई', बायोसच्या जागी आलेल्या नव्या यूईएफआयला 'आयपीएक्सई.ईएफआय', बहुतेक जण इथेच अडकतात. टीएफटीपी मुळात ५१२ बाइट पाठवून पोच येईपर्यंत थांबतं, म्हणून मोठ्या फाइलला वेळ लागतो; त्यावरून फक्त आयपीएक्सई (वरच्या दोन्ही फाइलींतला छोटा बूट प्रोग्रॅम) घे, कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एचटीटीपीवरून. आणि केबलच लाव, वायफायच्या नादी लागू नकोस.