सीपीयू म्हणजे तो अख्खा डबा नव्हे

(बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या जवळ, १९९४ पासून कॉम्प्युटर उघडून बसलो आहे. वाचकांच्या पत्रांना इथे उत्तरं देतो. या वेळी पत्रं जास्त, जागा कमी.)

प्रश्न : कॉम्प्युटर चालू होईना म्हणून दुरुस्तीला दिला. बिलावर 'सीपीयू रिपेअर, ४,८०० रुपये' एवढीच ओळ. विचारलं तर, 'मॅडम, आतलं बदललंय.' माझं नक्की काय बदललं? – एक शिक्षिका, बिबवेवाडी

उत्तर : बाई, तुमच्यावर अन्याय झाला की नाही, हे त्या ओळीवरून देवालाही कळणार नाही. टेबलाखालच्या ज्या डब्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो, ते कॅबिनेट. नुसता पत्रा. खरा सीपीयू म्हणजे प्रोसेसर. तो काडेपेटीएवढा, पण चपटा. त्याच्यावर हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, त्याच्यावर पंखा, आणि प्रोसेसर व हीटसिंक यांच्या मध्ये दातांच्या पेस्टसारखी राखाडी थर्मल पेस्ट. ही पेस्ट वाळली की मशीन तापतं आणि आपोआप बंद पडतं. त्यावर इलाज पेस्ट नव्याने लावण्याचा. प्रोसेसर बदलायचं काही कारण नाही.

प्रोसेसर स्वतःहून मेलेला मी इतक्या वर्षांत फार थोड्या वेळा पाहिला. जातो तो एसएमपीएस, म्हणजे मागच्या बाजूला जिथे वायर खुपसतो ती चौकोनी पेटी. घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन ती आतल्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट पुरवते. तिच्या पंख्यातून धूळ आत जाते, पावसाळ्यात कधी पालही जाते. पाल निघाली की गिऱ्हाईक मशीनपेक्षा पालीचीच जास्त चौकशी करतं. एसएमपीएस उडाला असेल तर मशीन मेल्यासारखं पडतं. पंखा नाही, दिवा नाही. तुमचं वर्णन तसंच आहे, पण न बघता शपथ घेणार नाही.

दुकानात परत जा आणि बिलावर भागाचं नाव, कंपनी, मॉडेल आणि वॉरंटी लिहून मागा. जुना भागही मागा. स्कूटरची क्लच प्लेट बदलली की जुनी प्लेट कागदात गुंडाळून घरी आणणारी माणसं आपण, इथेच का लाजायचं?

प्रश्न : माझ्या लॅपटॉपला ५१२ जीबी मेमरी आहे, निम्मी रिकामी आहे, तरी मुलगा म्हणतो मेमरी कमी पडते म्हणून अडकतो. कोण खरं? – एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : दोघंही. घोळ 'मेमरी' या शब्दाचा आहे. लक्ष्मी रस्त्यावर साडीच्या दुकानात मागे रॅक असतात, पुढे पांढरी गादी असते. तुमचे ५१२ जीबी म्हणजे रॅक, त्याचं नाव स्टोरेज; नव्या लॅपटॉपात बहुतेक एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली डिस्क. मुलगा म्हणतो ती गादी, म्हणजे रॅम. गादी मोठी असेल तर वीस साड्या पसरून बघता येतात. लहान असेल तर एक घडी घालून रॅकवर, मग दुसरी खाली. सेल्समन घामाघूम आणि तुम्ही कंटाळलेले. लॅपटॉप अडकतो तो या घड्या घालण्यात. फरक इतकाच, की दुकान बंद करताना साड्या नीट रॅकवर जातात, रॅममधलं मात्र वीज गेली की गेलं. म्हणून पत्र लिहिताना मधूनमधून सेव्ह करा.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तिन्ही बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्समध्ये मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर चिकटून बसली असेल तर मुलाचं ऐका. रॅम विकत घ्यायच्या आधी मात्र लॅपटॉपला जागा आहे का ते बघा. आजकाल पुष्कळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच डाग देऊन जोडलेली असते, ती वाढत नाही.

प्रश्न : एक टीबीची हार्ड डिस्क घेतली, दिसते ९३१ जीबी. फसवलं का? – कसबा पेठ

उत्तर : नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने भागतं. माल तेवढाच, माप वेगळं. ५०० जीबीची ४६५ दिसते, तीही ठीक.

प्रश्न : रोज सकाळी कॉम्प्युटर जुनीच तारीख दाखवतो आणि बँकेची साइट 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाही. व्हायरस आहे का? – निवृत्त कर्मचारी, सहकारनगर

उत्तर : रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करता ना? मला वाटलंच. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डावर, रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. बटण चालू असेपर्यंत बोर्डावरचं घड्याळ एसएमपीएसच्या विजेवर चालतं. बटण बंद केलं की सगळा भार त्या सेलवर. तुमचा सेल संपला आहे. साइटचं प्रमाणपत्र कधीपासून कधीपर्यंत चालेल हे ठरलेलं असतं. तुमचं मशीन भलत्याच वर्षात बसून ते तपासतं आणि खोटं ठरवतं.

सेल घड्याळजीकडेही मिळतो, शंभराच्या आत. वायर काढा, बाजूची बारीक क्लिप नखाने दाबा, सेल टुणकन वर येतो. अधिकची खूण असलेली बाजू वर ठेवून नवा बसवा. त्यासाठी कोणी फॉरमॅट मारायला सांगितला तर उठून या.

प्रश्न : पावसाळा लागला की मशीन नुसतं पीं पीं करतं, डिस्प्ले येत नाही. – झेरॉक्सवाला, धनकवडी

उत्तर : ही माझी आवडती तक्रार. शनिवार पेठेतल्या एका छापखान्यातून एकदा ऐन दिवाळी अंकाच्या धामधुमीत फोन आला. मशीन बोंबलत होतं, मालक मशीनपेक्षा मोठ्यांदा. गेलो, कॅबिनेट उघडलं, रॅमची पट्टी काढली. तिच्या खालच्या काठाला सोनेरी दातांची रांग असते, ती काळपट झाली होती. स्क्रू-ड्रायव्हर सगळे आणले होते, खोडरबर राहिला होता. कोपऱ्यात मुद्रितं तपासणाऱ्या काकांनी आपला पांढरा खोडरबर दिला, तोही नाखुशीने. दात दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने घासले, खोडरबरावर काळी रेघ उमटली, पट्टी दोन्ही बाजूंनी कट्ट आवाज येईपर्यंत दाबली. एकच पीं आणि डिस्प्ले आला. मालक म्हणाले, "खोडरबराचे तीनशे?" काका म्हणाले, "खोडरबर माझा आहे."

तुम्ही स्वतः करणार असाल तर वायर आधी काढा. हात कॅबिनेटच्या पत्र्याला लावा, अंगातली स्थिर वीज तिथे जाऊ दे. भुगा खाचेत पडता कामा नये, म्हणून पट्टी लांब धरून घासा. आणि पट्टीच्या काठावर एक खाच असते, ती स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळली नाही तर जोर लावू नका. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ या रॅमच्या दोन पिढ्यांच्या खाचा मुद्दाम वेगळ्या जागी ठेवल्या आहेत, चुकीची बसूच नये म्हणून. धंद्याच्या पहिल्या काही वर्षांत मी एका गिऱ्हाइकाची पट्टी उलटी, अंगठ्याच्या जोरावर बसवली होती. बटण दाबलं आणि जळका वास आला. पट्टी माझ्या खिशातून गेली. तो वास अजून ओळखतो.

प्रश्न : मुलीला कॉलेजसाठी जुना 'आय ७' स्वस्तात मिळतोय, नवा 'आय ५' महाग आहे. आय ७ वरचा ना? – वडील, हडपसर

उत्तर : आय ५, आय ७ ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसरांची नावं. सातच्या पुढचा आकडा विचारा. आय ७-२६०० असेल तर तो २०११ चा, दुसऱ्या पिढीचा. आय ५-१२४०० बाराव्या पिढीचा, २०२२ चा, आणि कामाला कितीतरी तडफदार. इंटेलच्या या अशा क्रमांकात शेवटचे तीन आकडे सोडून आधी जे उरतं ती पिढी. विंडोज ११, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विकणारा आकडा सांगायला टाळाटाळ करत असेल तर तो दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचाच समजा.

प्रश्न : माझं वय ७८. सगळ्यांच्या कॉम्प्युटरात 'सी' ड्राइव्हपासून सुरुवात का? 'ए' आणि 'बी' कुठे गेले? – नारायण पेठ

उत्तर : आजोबा, ती दोन अक्षरं फ्लॉपी ड्राइव्हची. सुरुवातीच्या पीसीत हार्ड डिस्क नसे. एका फ्लॉपीवर प्रोग्रॅम, दुसरीवर आपलं काम. हार्ड डिस्क मागाहून आली, तिला तिसरं अक्षर मिळालं. फ्लॉपी गेल्या, अक्षरं त्यांच्या नावाने राखून राहिली. शेवटच्या काळातली नेहमीची साडेतीन इंची फ्लॉपी १.४४ एमबीची, आजच्या मोबाइलचा एक फोटोही बहुधा तीत मावणार नाही.

पत्रात शेवटी लिहिलंय की पत्नीच्या कविता तशाच तीन फ्लॉपींवर आहेत. यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह माझ्याकडे आहे, घेऊन या. मात्र आधी धातूचं झाकण सरकवून आतल्या चकतीवर पांढरे ठिपके दिसतात का ते बघा. बुरशी असेल तर मशीनमध्ये घालू नका, तशीच आणा. आधी साफ करावी लागेल. माझ्याकडे चालणारा हा एकच ड्राइव्ह उरलाय.